चूक आढळल्यास कळवावे

आमच्या संपादकांना रस्त्यात कुणी गाठून "काय, कसं काय?" असं विचारलं, की उत्तर यायचं, "बरा असल्याचे समजते." हा विनोद नव्हे हो. विनोद करणं त्यांच्या बापजन्मात जमलं नाही. बातम्या लिहून लिहून जीभच तशी वळली होती. जेवायला बसले की बायकोला म्हणायचे, "आमटीत मीठ पडले नसल्याची वदंता आहे." ती माउली म्हणायची, "वदंता कशाला? नाहीच पडलं. तिथं वाटीत आहे, घ्या नि जेवा मुकाट्यानं."

नाशिकात भद्रकालीच्या बाजूला एका छापखान्यातून आमचं साप्ताहिक निघायचं. छापखान्याचं पोट भरायचं लग्नपत्रिकांवर आणि औषधांच्या लेबलांवर. साप्ताहिक ही मालकांची हौस. संपादक, बातमीदार, जाहिराती गोळा करणारा आणि पावसाळ्यात गळक्या कौलाखाली बादली सरकवणारा, सगळं मिळून हा एकच माणूस. मी प्रुफं तपासायचो आणि बोलणी खायचो. सत्याग्रहाचे दिवस होते. सरकारविरुद्ध दोन ओळी छापल्या की छापखान्याकडून जामीन मागत. म्हणून मालकांनी राजकारण बंद केलं होतं. मग छापायचं काय? देवळालीच्या छावणीत गोऱ्यांच्या तोफा वाजल्या की आमची बातमी: "काल सकाळी तोफांचे आवाज ऐकू आले." आवाज अख्ख्या नाशिकानं ऐकलेले असायचे, तरी हे गृहस्थ चार जणांना विचारून खात्री करून घ्यायचे. मी एकदा म्हटलं, "अहो, तुम्हाला ऐकू नाही का आले?" तर म्हणाले, "मला आले. पण मी एकटा म्हणजे काही आधार नव्हे."

आणि प्रत्येक बातमीखाली एक ओळ ठरलेली: "चूक आढळल्यास कळवावे." म्युनिसिपालिटीच्या सभेखाली ती, गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, पुराखाली ती, कुणाच्या गाईला दोन वासरं झाली त्याच्याखालीही तीच. सवय इतकी हाडीमाशी खिळलेली की स्वतःच्या मुलीच्या लग्नपत्रिकेतही वधूवरांच्या नावांखाली ती ओळ गेली. व्याही पत्रिका घेऊन तणतणत आले. "आमच्या मुलात काय चूक आढळायची आहे तुम्हाला?" संपादक शांतपणे म्हणाले, "आढळलीच तर कळवा, एवढंच म्हणणं आहे." लग्न झालं म्हणा, पण व्याही पंगतीला बसेपर्यंत फुरंगटलेलेच होते.

गंमत अशी की इतक्या वर्षांत चूक कळवायला कधी कुणी आलं नाही. संपादकांना वाटायचं, चूक नसते म्हणून कुणी येत नाही. मला वाटायचं, वाचतच नाहीत म्हणून येत नाहीत. पण हे त्यांच्या तोंडावर बोलायची माझी टाप नव्हती.

अशा या माणसानं पुढं मुलांसाठी कादंबऱ्या लिहिल्या. शाळाशाळांतून बक्षीस म्हणून वाटल्या गेल्या त्या. पोरं उशाखाली घेऊन झोपायची. वाचनालयात सत्कार झाला, गळ्यात हार पडला, एका वक्त्यानं त्यांना बालांचे लाडके कादंबरीकार म्हटलं. हे उत्तराला उठले नि म्हणाले, "मी कादंबरीकार असल्याच्या वृत्तात तथ्य नाही. माझ्या हातून एक चूक झाली होती. ती दुरुस्त करता करता ही पुस्तकं झाली." लोकांनी विनय समजून टाळ्या वाजवल्या. कसला विनय नि कसलं काय! अक्षरशः खरं सांगत होता बिचारा.

ती चूक सांगतो.

त्र्यंबकला एक उपाध्ये होते. नाव सांगत नाही, त्यांच्या घरी आजही चूल पेटते आहे. आपण त्यांना गुरुजी म्हणू. बागलाण-मालेगावकडचे पुष्कळ यजमान पूजाविधींसाठी पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याकडं उतरायचे. ते एकदा असे आजारी पडले की वैद्यांनी हात टेकले. आमचे संपादक स्वतः त्र्यंबकला जाऊन पाहून आले, गुरुजींची शुद्ध हरपलेली होती, नि परत येऊन त्यांनी मृत्युलेख लिहून ठेवला. वेळेवर धांदल नको म्हणून खिळे जुळवून गॅलीवर, म्हणजे पत्र्याच्या तबकात, तयारही ठेवला. लेख मात्र असा सुरेख, की प्रुफं तपासताना मी डोळे पुसले. आणि गुरुजी बरे झाले! कुणालाच त्या जुळवलेल्या मजकुराची आठवण राहिली नाही. तो एका कोपऱ्यात धूळ खात पडला.

पुढं एकदा अंक यंत्रावर चढायच्या वेळी केसांच्या तेलाची जाहिरात ऐनवेळी रद्द झाली. शेवटच्या पानावर हे एवढं भगदाड. मालक ओरडताहेत, यंत्र थांबलंय. संपादक घाईघाईत म्हणाले, "गॅलीवर जुळवलेलं काय असेल ते घाला." जुळाऱ्यानं घातलं. बरोब्बर बसलं. मी प्रूफ पाहिलं की नाही विचारू नका. ते मागंच पाहिलेलं होतं, तपासलेला मजकूर म्हणून कुणी मला दाखवलाच नाही.

अंक निघाला आणि थोड्या दिवसांनी दारात गुरुजी उभे! लालबुंद, घामाघूम, एका हातात छत्री, दुसऱ्यात आमचा अंक.

"संपादक कोण?"

"मीच असल्याचे..." संपादक म्हणता म्हणता थांबले. चेहरा पांढराफटक पडला.

"मी मेलेला माणूस त्र्यंबकहून आलोय. पाणी तरी विचारा."

पाणी दिलं. ते प्यायले, खाली बसले, आणि मग मात्र आवाज बसला त्यांचा. म्हणाले, "अहो, लिहिलंय छान. माझ्या बापावरही कुणी इतकं बरं लिहिलं नव्हतं. पण माझं वाटोळं झालं हो! नाशिकरोड स्टेशनला आमचे भाऊबंद, दुसरे उपाध्ये, गाडीवर उभे असतात. यजमान उतरला की गाव विचारायचं, आडनाव विचारायचं, हा अमक्याचा यजमान म्हणून त्याच्या घरी पोचवायचा, ही रीत. आता माझा यजमान उतरला की हा कागद पुढं करतात. ते गेले, चला आमच्याकडं! आणि एकदा यजमान दुसऱ्याच्या ओटीवर चढला की त्याची नातवंडंपतवंडं तिथंच जातात. माझं काय, मी आज आहे उद्या नाही. माझ्या पोरानं काय करायचं? मला जिवंत करा."

"पुढच्याच अंकात खुलासा देतो," संपादक म्हणाले. दिलाही. "गेल्या अंकातील वृत्त निराधार असून सदर गृहस्थ हयात आहेत. चूक आढळल्यास कळवावे." शेवटच्या पानावर, एरंडेलाच्या जाहिरातीखाली, बारीक टायपात. खुलाशाची जागाच ती.

कुत्र्यानंसुद्धा वाचला नाही. दुसऱ्या अंकात दिला, तिसऱ्यात दिला. गुरुजी दर आठवड्याला यायचे, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचे आणि म्हणायचे, "अजून मेलेलाच आहे मी." एकदा तर स्वतःच स्टेशनवर जाऊन उभे राहिले. बागलाणातला जुना यजमान गाडीतून उतरला. यांनी हाक मारली, तर तो चार पावलं मागं सरला. "महाराज तं मरी गयात ना! पेपरमा उनं शे!" आणि समोर धडधाकट उभ्या असलेल्या गुरुजींना लांबूनच नमस्कार करून दुसऱ्याच्या टांग्यात बसला. छापलेलं होतं ना! माणसापेक्षा कागद खरा.

हे ऐकलं आणि आमच्या संपादकांनी जेवण टाकलं. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं, त्या दिवशी पाहिलं. "जन्मभर खात्री करून छापलं," म्हणाले, "एकदा नाही केली, तर तेवढंच लोकांनी वाचलं." मी त्यांना घरी पोचवायला गेलो. त्यांच्या पत्नी दारातच म्हणाल्या, "खुलासा, खुलासा! वाचतो कोण तुमचा खुलासा? मी संपादकाची बायको, मी नाही वाचत. घरात तुमच्या पेपरातलं मुलांचं पान तेवढं वाचलं जातं, तेही पोरं मोठ्यानं वाचतात म्हणून कानावर पडतं."

संपादक पायरीवरच थबकले. चप्पल काढली होती ती पुन्हा घातली आणि आल्या पावली छापखान्यात गेले.

मुलांच्या पानावर तोवर कोडी आणि कावळ्याचिमणीचं काहीबाही असायचं. पुढच्या अंकापासून तिथं कादंबरी सुरू झाली. नाशिकची चार पोरं ब्रह्मगिरीवरची हरवलेली वाट शोधायला निघतात, आणि त्यांना वाट दाखवणारे कोण? तर त्र्यंबकचे गुरुजी! खरं नाव, खरी आळी, घरापुढचं उंबराचं झाड, उजव्या गालावरचा तीळ, मोडक्या काडीची छत्री, सगळं जसंच्या तसं. पहिलंच वाक्य होतं: "गुरुजी ओसरीवर सुपारी कातरीत बसले होते व त्यांची प्रकृती उत्तम होती." दर चारपाच परिच्छेदांनी त्यांची प्रकृती उत्तम असायची. कडा चढताना उत्तम, विंचू निघाला तरी उत्तम.

आणि प्रकरणाच्या शेवटी, अर्थातच, "चूक आढळल्यास कळवावे."

बरं, लिहायचं ते पारखून लिहायचं, ही खोड कादंबरीतही सुटेना. गुरुजी गंगाद्वाराच्या पायऱ्या चढले असं लिहायचं तर ते चढले पाहिजेत. म्हाताऱ्याला घेऊन हे खरोखरच निघाले. मी मागं पाण्याचा तांब्या घेऊन. अर्ध्या वाटेत गुरुजी मटकन बसले आणि म्हणाले, "संपादक, मला जिवंत करायला आणलंय की मागची बातमी खरी करायला?" संपादकांनी वहाणा बाजूला काढून त्यांचे पाय चेपले. पुढल्या प्रकरणात छापून आलं, "येथे गुरुजींनी थोडी विश्रांती घेतली." खोटं नाही लिहिलं हो, कध्धी नाही.

गुरुजींच्याही तक्रारी असायच्याच. "मी भुयारात रांगत गेलो असं लिहू नका, सोवळ्यात होतो मी." "चोराला मी मूर्खा म्हणालो? माझ्या तोंडी शोभतं का? गाढवा करा." संपादक दोन्ही वेळा निमूटपणे दुरुस्ती करायचे. हळूहळू गुरुजी स्टुलावरून उठून संपादकांच्या टेबलापाशी बसू लागले. दोघं मिळून चोराला कुठं पकडायचा याची खलबतं करायचे. मी प्रुफांआडून ऐकायचो. इतकी सुखी माणसं मी त्या छापखान्यात दुसरी पाहिली नाहीत.

पोरांनी तर कहर केला. खऱ्या जागा, खरी माणसं! नारोशंकराच्या देवळातल्या घंटेपर्यंत पुराचं पाणी आल्याचं लिहिलं की पोरं घाटावर जाऊन घंटा बघून यायची. घरोघर अंक मोठ्यानं वाचला जायचा. त्यातून आयांना कळलं, बापांना कळलं, मालेगावला विणकरांच्या वस्तीतही कुणीतरी वाचून दाखवायचं आणि दहाजण ऐकायचे. गुरुजी आहेत! यात्रेला लोक आले ते गाडीतून उतरतानाच विचारू लागले, "ते चोर पकडणारे गुरुजी कुठं राहतात?" भाऊबंदांनी जुना अंक पुढं केला तर लोक हसायचे. त्या बागलाणच्या यजमानानं तर सगळं गाव आणलं. गुरुजींच्या पायावर डोकं ठेवलं आणि विचारलं, "महाराज, भुयारमा काय व्हतं?" गुरुजी गंभीरपणे म्हणाले, "पुढच्या अंकात येईल."

म्हणजे बघा, खरी गोष्ट तीनदा छापली तर कुणी मानली नाही, आणि गोष्ट म्हणून छापली तर सगळ्यांनी मानली. संपादकांना याचा आनंद झाला आणि रागही आला. राग जन्मभर टिकला.

पहिली कादंबरी पुस्तकरूपानं आली. मग दुसरी, तिसरी. मालकांना तर लॉटरीच लागल्यासारखं झालं. संपादकांना सांगितलं, बातम्या दुसरा कुणी लिहील, तुम्ही गुरुजी लिहा. अशी सुटली त्यांची बातमीदारी. पण कुणी कादंबरीकार म्हटलं की त्यांच्या कपाळावर आठी पडायची, आणि देवळालीच्या तोफा वाजल्या की हात आपोआप पेन्सिलीकडं जायचा.

चौथी कादंबरी अर्ध्यावर असताना गुरुजी गेले. खरोखरच. सकाळी ओसरीवर सुपारी कातरता कातरता मान कलली. संपादक धावत त्र्यंबकला गेले. शेजारी बसले, नाडी पाहिली, वैद्यांना विचारलं, पुन्हा नाडी पाहिली. लोक तिरडी बांधायला लागले तरी हे मनगट सोडीनात. शेवटी गुरुजींच्या चिरंजिवांनीच त्यांचा हात हळूच काढून घेतला.

आम्ही काळी चौकट घालून बातमी छापली. नाशिकात हशा पिकला. "संपादकांनी पुन्हा मारलं गुरुजींना! आता बघा, पुढच्या प्रकरणात भुयारातून बाहेर येतात की नाही!" चौकात लोकांनी पैजा लावल्या. मला तर कुणी दोन कानफटात दिल्यासारखं वाटलं.

महिन्याभरानं गुरुजींचे चिरंजीव आले. बापाचीच मोडकी छत्री हातात. त्याच कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले.

"यजमान येतात," ते म्हणाले, "ओसरीवर बसतात. गुरुजी कुठंत विचारतात. गेले म्हटलं तर हसतात. म्हणतात, थांबतो आम्ही, येतील. मी संकल्प सांगायला बसलो तर म्हणतात, तुम्ही नको, त्यांनाच येऊ द्या. दोन दिवस वाट पाहून कंटाळतात नि शेजारी जातात. काका, आमच्या बाबांना आता मारा. तुमच्या गोष्टीत मारा. त्याशिवाय ते मरायचे नाहीत."

संपादक म्हणाले, "एकदा मारलं होतं मी त्यांना. दुसऱ्यांदा हात उचलत नाही."

"मग मी काय करू?" चिरंजीव म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "मला माझे वडील गेले म्हणून नीट रडूसुद्धा देत नाहीत लोक."

संपादक एरवी उभ्यानं लिहायचे, खिळ्यांचे खण ठेवायच्या उंच घोडीवर कागद ठेवून. त्या दिवशी पहिल्यांदा बसून लिहिलं. प्रकरण अगदी छोटं होतं. चारी पोरं उंबरापाशी येतात, ओसरीवर अडकित्ता पडलेला असतो, आतून रडणं ऐकू येतं. गुरुजींचा मुलगा बाहेर येऊन पोरांना जवळ घेतो, आणि म्हणतो, यापुढं वाट मी दाखवीन. शेवटी: "गुरुजी सकाळी वारले. हे आम्ही स्वतः पाहिले आहे. चूक आढळल्यास कळवावे."

त्या आठवड्यात नाशिकात घरोघर पोरांनी रडून गोंधळ घातला. एक बाई छापखान्याच्या दारात येऊन संपादकांना निर्दय म्हणून गेल्या. पण यजमान चिरंजिवांकडं उतरायला लागले. "आता यापुढं वाट तुम्हीच दाखवायची," असं म्हणून त्यांच्या हातावर पाणी सोडू लागले. काम झालं होतं. संपादक मात्र खुर्चीतून उठेनासे झाले. कसं काय विचारलं तर काहीच बोलायचे नाहीत, बरा असल्याचं समजतसुद्धा नसावं.

अशात एका दुपारी छापखान्यात एक मुलगी आली. नऊदहा वर्षांची, परकर-पोलक्यातली, हातात घट्ट गुंडाळलेला अंक. म्हणाली, "चूक कळवायची आहे. कुणाकडं कळवायची?"

आमचं यंत्र चालू होतं, तरी जुळारीसुद्धा वळून बघायला लागला. खुद्द गुरुजी सोडले, तर इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी चूक कळवायला आलं होतं!

संपादक सरळ झाले. पेन्सिल घेतली. "बोल बाळ. कोणती चूक?"

"गुरुजी वारले असं छापलंय. ते वारलेले नाहीत."

"अगं, मी स्वतः पाहिलं. तिथं होतो मी."

"माझे वडील सांगत होते, मागंसुद्धा तुम्ही असंच छापलं होतं. तेव्हाही तुम्ही त्र्यंबकला जाऊन पाहून आला होतात. आणि ते होते." ती एक क्षण थांबली. "एकदा चुकला होतात ना तुम्ही? मग आताही चुकला असाल."

मी पुढं होऊन तिला समजावायला लागणार, तर संपादकांनी मला हातानंच थांबवलं. म्हणाले, "तू म्हणतेस ते खरं आहे. चुकलो होतो मी."

"मग खुलासा द्या," ती म्हणाली.

"देतो," ते म्हणाले. तिला दारापर्यंत पोचवायला गेले, आणि परत आले ते खुर्चीकडं न जाता थेट घोडीपाशी. उभ्यानं दोन ओळी लिहिल्या नि कागद माझ्याकडं दिला. मी वाचला आणि हादरलो. म्हटलं, "अहो, त्या पोराचं काय? यजमान पुन्हा वाट बघत बसतील की!"

"कुठं छापायचा ते वर लिहिलंय बघ," ते म्हणाले.

लिहिलं होतं: शेवटचं पान, एरंडेलाखाली, बारीक टायप. म्हणजे यजमान वाचणार नाहीत, गाडीवरचे भाऊबंद वाचणार नाहीत, खुद्द त्यांची बायको वाचणार नाही. वाचेल ती एकच वाचक, जिला तो हवा होता. मी निमूटपणे प्रूफ तपासलं, आणि या वेळी दोनदा तपासलं. मजकूर असा: "गुरुजींच्या निधनाच्या वृत्तास एका वाचकाने हरकत घेतली आहे. चौकशी चालू आहे."

त्याला आता एक आयुष्य उलटून गेलं. चिरंजीव थकले, ओसरीवर त्यांचा मुलगा बसतो. संपादकही गेले, ते मी स्वतः पाहिलं, चार जणांना विचारून खात्रीही करून घेतली. पण तो खुलासा त्यांनी शेवटपर्यंत मागं घेतला नाही, आणि त्यांच्यामागं तो मागं घ्यायचा अधिकार मला तरी कुठं आहे? चौकशी अद्याप चालू असल्याचे समजते.